गोल खिडकीपाशी

हायवेवरचं ‘हॉटेल मनोहर’ छप्पन साली हरिश्चंद्रशेटनी बांधलं. पुढे अर्धगोल व्हरांडा, आत लाल-पिवळ्या फरशा आणि डोंगराकडे उघडणारी एक मोठी गोल खिडकी. घोडबंदरला सहलीला निघालेली माणसं गाडी थांबवून तिथे पापलेट खात. पुढे पुढे ते पापलेट आमच्या तारोडी गावाहून माझ्या सासूबाई, जिजाबाई, पाटीतून नेऊ लागल्या. मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचं, मच्छी द्यायची आणि परतीची बस पकडायची. उभी हयात गेली, पण पुढच्या हॉलमध्ये त्या एकदाही बसल्या नाहीत. “आंगाला मच्छीचा वास. लोकं नाकं मुरडतील,” म्हणायच्या.

गुडघ्यांमुळे धंदा सुटला, तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली: त्या खिडकीपाशी बसून वेटरने आणून दिलेलं पापलेट खायचं. मी चला म्हटलं की सासूबाईंचं काहीतरी निघायचंच. कधी लुगडं नवं हवं, कधी नातवाची परीक्षा.

यंदा पावसाळा संपताच कळलं, रस्ता रुंद करायला हॉटेल पाडणार. मी तडक रिक्षा ठरवली.

“नवरात्र हाय,” सासूबाई म्हणाल्या. “पापलेट न्हाय खायाचं, तर तिथं बसून करू काय?”

“डाळभात खा! हॉटेल थांबणारे का तुमच्यासाठी?”

“दसरा होऊ दे.”

देवीपुढे माझं काय चालणार? मी चडफडत रिक्षावाल्याला नको म्हणून कळवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली माळली होती. आणि तिथे ना व्हरांडा, ना हॉल, ना खिडकी. मशीनने पुढचा भाग आधीच पाडला होता. मागचं स्वयंपाकघर तेवढं उघडंबोडकं उभं होतं. हरिश्चंद्रशेटचा मुलगा उत्तम तिथे भांडी बांधत होता. त्याने लगबगीने खुर्ची पुसली.

“या मावशी. गॅस चालू आहे अजून. पापलेट मागवतो, इथेच बसा.”

“नको रे बाबा. हितं मी जलमभर आलेय.”

मला रडू आलं. सासूबाई मात्र ढिगाऱ्याकडे बघत होत्या.

“त्या खिडकीतून काय दिसायचं रे?”

उत्तमने जरा आठवून पाहिलं. “डोंगर. आणि मागच्या दाराची वाट. तुम्ही पाटी घेऊन येताना लांबूनच दिसायचात. बाबा तिथे बसूनच आत ओरडायचे, पापलेट आलं!”

सासूबाई हळूच खुर्चीवर टेकल्या.

“मग एकदा आत बोलवायचं होतं रे मला,” त्या म्हणाल्या. “आले असते.”