अडुसष्ट फेऱ्या

"मासोळे, दोन घोट पाणी पी. ओठ बघ कसे निळे पडलेत." तलावाच्या काठावर उकिडवा बसलेला दादा बाटली पुढे करत म्हणाला.

"कितवी झाली ते सांगू नकोस हं," ती धापा टाकत म्हणाली. "माझं मोजणं चुकेल."

"नाही सांगत, बाई. तू पोह."

तिनं बाटली परत दिली, भिंतीला पाय टेकले आणि पुन्हा स्वतःला पाण्यात लोटलं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात वीस वर्षं ओल्या चादरी उचलून तिचे खांदे कामातून गेले होते. सुट्टीच्या दिवशी पाठ टेकावी एवढंच तिला सुचायचं. पण आजचा दिवस बाबांचा होता.

याच तलावावर बाबांनी तीन पिढ्यांना पोहायला शिकवलं. गाल फुगवून श्वास कसा धरायचा ते ते करून दाखवत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव बेडूकसर ठेवलं. ते त्यांना कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते उड्या मारतच वर्गावर आले. हातात लांब काठी असे. नवशिक्या मुलाच्या पुढे वीतभर अंतरावर ती धरून ते काठाकाठानं चालत. "धरायची नाही. नुसती बघायची," एवढंच सांगत. मूल काठीकडे बघत बघत कधी पलीकडे पोचे, ते त्याचं त्यालाही कळत नसे.

अशा माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला. डॉक्टर चाचरत म्हणाले, "या प्रकारावर अजून खात्रीचं औषध नाही. संशोधन चाललंय."

"चाललंय ना? मग चालू द्या," उलट बाबांनीच त्यांना धीर दिला. "भित्रं पोर महिनाभर नुसतं पायरीवर बसतं, डॉक्टर. त्याच्यावर ओरडून काय उपयोग? एक दिवस उतरतंच."

त्या संशोधनासाठी ती आज पोहत होती. धुलाईघरातल्या बायकांनी, बाबांच्या हाताखाली शिकलेल्या टपालवाल्यानं, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फेरीमागे आपापली रक्कम कबूल केली होती. बाबा अडुसष्टाव्या वर्षी गेले, म्हणून फेऱ्या अडुसष्ट. दादा फळ्यावर खडूनं रेघा ओढत होता. ती मात्र आपल्या पद्धतीनं मोजत होती. एक फेरी म्हणजे बाबांचं एक वर्ष. चोविसाव्या फेरीला दादा जन्मला, सत्ताविसाव्या फेरीला ती. तेहेतिसाव्या फेरीला बाबांनी तिला पहिल्यांदा त्या कोपऱ्यातल्या पायरीवरून खाली उतरवलं. एकोणपन्नासाव्या फेरीला आई गेली; ती फेरी ती हळू पोहली. साठाव्या फेरीला बाबा निवृत्त झाले. निरोपाला मिळालेलं घड्याळ त्यांनी भिंतीवर लावलंच नाही. "शिट्टी असताना घड्याळ कशाला?" म्हणाले.

सहासष्टाव्या फेरीत बाबा अजून ठणठणीत होते. तिचा हात भिंतीला लागला आणि शिट्टी वाजली.

"अडुसष्ट! झालं गं, झालं!" दादा ओरडला. काठावरची माणसं टाळ्या वाजवू लागली. संशोधन निधीच्या बाई टॉवेल उघडून पुढे आल्या.

ती काठ धरून तशीच पाण्यात राहिली. "सहासष्ट झाल्या, दादा."

"फळ्यावर बघ की! पाच-पाचचे गठ्ठे मोज."

"सहासष्ट."

दादा गुडघ्यांवर वाकला. आवाज उतरला. "तू पाण्याला थांबलीस ना, तेव्हा दोन रेघा जास्त ओढल्या मी. हात उचलत नव्हते तुझे. दोन फेऱ्यांनी काय आभाळ कोसळणारे? त्यांचे पैसे मी भरतो. कोण मोजतंय?"

चिडायलाही तिच्यात त्राण नव्हतं. "कुठल्या दोन राहिल्या, माहितीये? शेवटच्या. आजारपणाच्या."

ती दोन वर्षं दादा दूरच्या शहरात नोकरीला होता. दर रविवारी फोन करायचा. "कसे आहेत?" "बरे आहेत." बरे आहेत म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. बाबांना आडवं झालं की श्वास लागे. कामावरून आली की ती त्यांना पाठीशी पाठ लावून बसवी आणि बसल्या बसल्याच दोघं झोपत.

"तू तेव्हा नव्हतास," ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. "म्हणून तुला त्या गाळता आल्या. मला नाही येत."

दादा उठला. फळ्याजवळ जाऊन त्यानं शर्टाच्या बाहीनं दोन रेघा पुसल्या. "दोन बाकी आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चूक माझी." बाईंनी टॉवेलाची पुन्हा घडी घातली.

सदुसष्टावी फेरी कशी झाली, ते तिला कळलं नाही. हात ओल्या चादरींसारखे जड झाले होते. अडुसष्टाव्या फेरीत मध्यावरच नाकातोंडात पाणी गेलं. ती खोकली, बुडाली, वर आली. डोळे उघडले तर समोर वीतभर अंतरावर काठीचं टोक.

"धरू नकोस," वरून घोगरा आवाज आला. "नुसती बघ."

विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून दादा अनवाणी काठावर उभा होता. ती हलली की तो एक पाऊल टाकी. ती थांबली की थांबे. त्याला घाई नव्हती.

भिंत आली. तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि कपाळ त्यांच्यावर ठेवलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते कुणालाच समजेना.

दादानं बाबांची काठी परत तिच्या खुंटीला अडकवली आणि खडू उचलला. सदुसष्टावी रेघ कशीबशी उमटली. शेवटची उमटेना, बोटं ओली होती. त्यानं हात शर्टाला नीट पुसले आणि ती रेघ पुन्हा, वरपासून खालपर्यंत, सावकाश ओढली.