भुईंदरांची ठकठक

१९७८ साल. कराडच्या एका होस्टेलात इंजिनिअरिंगच्या चार पोरांचा रविवारी दुपारी डाव बसायचा. बाळासोच्या अमेरिकेतल्या चुलतभावानं खेळाची एक पुस्तिका धाडली होती. प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा तर कुणी मांत्रिक. गोष्ट बाळासो सांगणार, आणि जगणं-मरणं फाशावर.

एका रविवारी खेळातली टोळी भुयारात उतरली. बाळासोनं पुस्तिकेतलं वाचलं, "इथं भुईंदर राहतात. आंधळे, मातीच्या रंगाचे. चाहूल लागली की दगडावर ठकठक करतात."

"सापळा हाय," नाथाजी म्हणाला. "जवळ बोलवून खात्यात. शिळा लावून बिळाचं तोंड बुजवा."

लालासाहेबाला हसू आवरेना. "ही कसली रं राक्षसाची जात? ना शिंग, ना सुळा. उंदरंच की!"

"हाका मारत आसतील ती," मोहिद्दीन एकदम बोलला.

"पुस्तकात तसं न्हाई गड्या," बाळासो म्हणाला.

"पुस्तक लिवणारा कवा भुईखाली गेलता का?"

तिघं हसले. नाथाजीनं फासा टाकला, पाच पडले. शिळा बसली. बाळासोनं रंगात येऊन सांगितलं, "ठकठक बारीक होत गेली... थांबली."

मोहिद्दीननं फासा हिसकावला. "शिळा काढ. पाया पडतो तुझ्या, काढ!"

"आरं, खेळ हाय ह्यो," बाळासो म्हणाला.

"कोयनानगरला भूकंप झाला तवा मी नऊ वर्सांचा. मला ढिगाऱ्यातनं लवकर काढलं. माझी भन रहिमतबी आतच व्हती, पत्र्यावर ठोकत व्हती. मी वरडून सांगितलं, ऐका. मोठी माणसं म्हणली, वासं सरकत्यात, पोराला भास हुतोय. दुपारपातूर ठोकत व्हती ती."

बाळासोनं पुस्तिका मिटली. "सहा पडला की शिळा निघंल. टाक."

तीन पडले. मग एक. मग चार. मोहिद्दीन टाकत राहिला, ओठांत अल्लाचं नाव पुटपुटत, आणि त्याला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. किती तरी वेळानं सहा पडला.

"निघाली," बाळासो घाईनं म्हणाला.

"कशी हाय? बोलती का काय? सांग की!"

हवेतून राक्षस उभे करणाऱ्या बाळासोनं मिटलेली पुस्तिका पुन्हा उघडून पानं चाळली. नाथाजी रडायला लागला. "माझं चुकलं रं."

"तुझं न्हाई," मोहिद्दीन म्हणाला. "मी ऐकलं व्हतं. आईला आजपातूर सांगितलं न्हाई."

आईकडं जायला तसाच उठून तो स्टँडवर गेला. लालासाहेब मागोमाग. पाटणमार्गे कोयनेला जाणारी एसटी लागली, भरली, सुटली, मोहिद्दीन जागचा हलला नाही. दुसरीही त्यानं तशीच जाऊ दिली. तिसरी लागली तेव्हा लालासाहेबानं त्याला दंडाला धरून चढवलं, आणि स्वतःही शेजारी बसला.