एचडी रेडी

कमळा भांडायला निघाली तेव्हा निम्मं भांडण तिचं घरातच करून झालं होतं. चहा नको, न्याहारी नको. चपला पायात अडकवल्या, नवा टीव्ही खोक्यात घालून रिक्षात चढवला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "हातखंबा नाका. आणि वाटेत माझ्याशी बोलू नको, तोंड राखून ठेवलंय."

कारणही तसंच होतं. तिचा नवरा हरिश्चंद्र तीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये राबला आणि घरी आला तो कान तिकडेच ठेवून. यंत्र लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तेव्हापासून माणसाला सोबत एकच, टीव्हीवरचे इंग्रजी सिनेमे. त्यांत माणसं जे बोलतात ते खाली लिहून येतं. तेवढंच कोणाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायचं. पण आताशा नजरही उतरली. जुन्या लहान टीव्हीवरची अक्षरं लागेनात, आणि तो नुसता ओटीवर बसून राहायला लागला. चार-चार दिवस तोंडातून शब्द नाही.

म्हणून तिने मोठा टीव्ही घ्यायचं ठरवलं आणि एकटीच नाक्यावरच्या दुकानात गेली. नवऱ्याला नेऊन काय करायचं, त्याला थोडंच काही ऐकू येणार होतं? दुकानदार स्वरूप बोलायला साखरेसारखा. "बाबा रे, अक्षरं स्वच्छ दिसायला हवीत," तिने त्याला दहादा बजावलं.

"काकी, डोळे झाकून न्या. एचडी रेडी आहे."

रेडी म्हणजे तयार, एवढं इंग्रजी कमळाला येत होतं. रेडीमेड ब्लाउज आणला की घातला, तसा हा आणला की लावला. तिने तो घरी आणून जुन्या केबलच्या डब्याला जोडून घेतला. आणि काय सांगावं, पडदा वाढला तशी अक्षरंही वाढली, पण पेजेत पडल्यासारखी फुगून. हरिश्चंद्राने दहा मिनिटं डोळे बारीक करून पाहिलं, आणि उठून ओटीवर गेला. त्या उठण्याचा राग कमळा चार दिवस गिळत होती.

तो सगळा तिने आता स्वरूपच्या काउंटरवर ओतला. स्वरूप चाचरत म्हणाला, "काकी, एचडी रेडी म्हणजे एचडी सिग्नल आला तर हा तो घेतो. पण ह्याच्या पडद्यावर ओळी कमी, सातशे अडुसष्ट. पूर्ण हवं तर फुल एचडी घ्यावा लागतो, एक हजार ऐंशी ओळींचा."

"मग रेडी कशाला म्हणतोस?"

"कंपनी म्हणते."

"आमच्यात रेडी म्हणजे न व्यालेली म्हैस. वैरण रोज खाते आणि दुधाचा थेंब नाही. तीच तू माझ्या गळ्यात बांधलीस. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती काय रे मेल्या?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. स्वरूपने निमूटपणे फुल एचडी टीव्ही बदलून दिला, वर माणूस पाठवून घरी लावूनही दिला. कमळा नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन आली. टीव्ही सुरू झाला.

तीच फुगलेली अक्षरं.

कमळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांब, त्याला आज उभा सोलते," म्हणत तिने पुन्हा चपला शोधल्या. तेवढ्यात मागून हरिश्चंद्राचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा चढलेला.

"टीव्हीला बोल लावू नको. टीव्ही चांगला आहे."

त्याने वाकून केबलच्या डब्यामागची वायर ओढून दाखवली. तिला लाल, पिवळी, पांढरी अशी तीन टोकं होती.

"हा डबा जुना. ह्यातून चित्राच्या पाचशे शहात्तर ओळी येतात, आणि ह्या वायरीतून त्याहून जास्त येत नाहीत. तेवढ्याच ओळी एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणल्या तर चित्र फुगणारच. डबा एचडीचा हवा, वायर एचडीएमआयची हवी, चॅनलही एचडीचं हवं. हे जुळलं असतं तर परत दिलेल्या टीव्हीवरसुद्धा मला वाचता आलं असतं."

एवढं लांबलचक तो किती महिन्यांनी बोलला होता. कमळाने त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

तिच्या ओठांवरून त्याला कळलं. "पहिल्या दिवसापासून. जहाजावर सगळ्यांचे टीव्ही मीच जोडून द्यायचो."

"मग बोलला का नाहीत? मी भर नाक्यावर शोभा करून घेतली, आणि तुम्ही ओटीवर बसून मजा बघत होता?"

"मला विचारलंस कुठे?" तो म्हणाला. रागावला नव्हता, उलट तिचीच समजूत घालावी तसं बोलत होता. "टीव्हीचं सोड. यंदा भात कुठला पेरायचा, आंबा कोणाला द्यायचा, वर्षभरात काहीच विचारलं नाहीस. जेवायची वेळ झाली की हाताने खुणावतेस. मला वाटलं, आपलं काम संपलं."

एक गोष्ट सांगितली नाही म्हणून कमळाने स्वरूपला चारचौघांत फाडला होता. आणि घरातल्या माणसाशी तिने स्वतः बोलणंच टाकलं होतं, समोर बसून सावकाश बोलायचा कंटाळा येतो म्हणून. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

चपला काढून ती त्याच्यासमोर बसली, ओठ नीट दिसतील अशी. "उद्या डबा घ्यायला तुम्ही चला," ती सावकाश म्हणाली.

"कळलं नाही," तो म्हणाला. "परत सांग."

तिने परत सांगितलं.