चार वेळा शंभर

भिंगरीचं बूड एका जागी टेकेल तर शपथ. आठ वर्षांची पोर, पण पायांना उसंत नाही आणि तोंडाला तर त्याहून नाही. डॉक्टरांनी तपासून त्याला एडीएचडी म्हटलं. शेजारच्यांनी त्याआधीच 'वाह्यात' म्हणून निकाल लावला होता. तिची आई घरीच कोट शिवायची. महागाच्या कापडावर कात्री चालू असताना भिंगरी मागून "आई!" म्हणून किंचाळली, की आईचा हात हलायचा आणि एक बाही वाया जायची.

तोडगा काढला आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी. त्यांनी चिंध्यांचं एक पुस्तक शिवलं. प्रत्येक पान बटणाने बंद. हिसका दिला की काज फाटणार, हळूच सोडवलं तरच पुढची गोष्ट. गोष्ट थांबायचा खेळ शिकणाऱ्या एका उतावळ्या खारीची, आणि तोच खेळ त्यांनी घरात आणला. आई कापत असली की तिच्या टेबलावर मोठं काळं बटण ठेवायचं, मनात आकडे मोजायचे, आई "बोल" म्हणाली की मगच बोलायचं. नीट थांबलं की बरणीत एक छोटं बटण पडायचं. सुरुवातीला भिंगरी सातवर पोचायची आणि फुटायची.

"सात म्हणजे काय थोडे झाले?" आजोबा म्हणायचे. "काल पाच होते."

दोन महिन्यांत ती साठापर्यंत गेली.

त्या दुपारी आई कोटाची पाठ कापत होती. भिंगरी आली, बटण ठेवलं आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. आईने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तिचा ऊर भरून आला. पाठ कापून झाली. आता "बोल" म्हणायला हरकत नव्हती. पण मोह झाला बाईला. पाहू तरी, आज कुठवर जाते! तिने अस्तर ओढलं आणि तेही सावकाश कापायला घेतलं. पोर हलली नाही, नुसती पायाची बोटं चुळबुळत होती.

"बोल, माझी शहाणी," आई अखेर म्हणाली.

"आजोबा खुर्चीतून खाली पडलेत. हाक मारली तर ओ देत नाहीत."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. हळूच म्हणाले, पण भिंगरीचे कान तिच्या पायांइतकेच चपळ.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, मी चार वेळा शंभर मोजले. जास्त झाले का गं?"

"नाही गं राणी. तू बरोबर थांबलीस. चुकलं ते माझं."

खरंच होतं ते. कुणी पडलं, कुठे आग लागली, तर बटण फेकून ओरडायचं, एवढी एक गोष्ट तिला कुणीच सांगितली नव्हती. आजोबांनाही सुचली नाही. ही कसली इतकी थांबतेय, असंच दोघांना वाटत आलं होतं.

आईने पुस्तक आणि बरणी कपाटात टाकली. काळं बटण मात्र कुठे सापडलं नाही. "आता वाटेल तेव्हा बोल, हवं तर ओरड," असं तिने भिंगरीला दहादा सांगितलं. पण भिंगरी बोलेनाशीच झाली. "पोर किती शहाणी झाली हो!" शेजारीण कौतुकाने म्हणाली, आणि आईला भिंगरीचं तोंड बघवेना.

महिन्याभराने आई पुन्हा कापायला उभी राहिली. कात्री निम्म्यात असताना टेबलावर टक्कन काळं बटण आलं. कात्री वाकडी सुटली ती पार कापडाच्या कडेपर्यंत.

"बोल! बोल ना, काय झालं?"

भिंगरी वाकड्या कापलेल्या कापडाकडे बघत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "तू लगेच बोल म्हणतेस का, ते बघत होते."