तेवढा 'कथित' काढा

आमच्या सायंदैनिकात मला सगळे वेलांटीकाका म्हणतात. मी मुद्रितशोधक. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढायच्या, हे माझं काम. बातमी खरी की खोटी हे बघायला वर संपादकसाहेब बसलेत, आणि त्यांना तेवढा वेळ नसतो.

'विशारी कंपाउंडरच खुनी!' असा मथळा साहेबांनी स्वहस्ते लिहून पाठवला, तेव्हा कोर्टात खटल्याचा जेमतेम तिसरा साक्षीदार झाला होता. एका दवाखान्यात म्हातारा पेशंट दगावला, आणि त्याला मिक्श्चर कंपाउंडरने दिलं होतं, एवढंच तोवर कोर्टाला कळलं होतं. साहेबांना मात्र सगळं कळलं होतं. खुनाचा हेतू कळला होता, विषाचा रंग कळला होता, कंपाउंडर पिंजऱ्यात उभा राहून मनात काय म्हणतो तेही कळलं होतं. मी 'विशारी'चं 'विषारी' केलं आणि खाली सही ठोकली.

न्यायाधीशबाईंनी साहेबांना कोर्टात बोलावून घेतलं. म्हणाल्या, "निकाल तुम्हीच देणार असाल तर मी घरी जाऊ का?"

अग्रलेखात रोज सरकारला घाम फोडणारे आमचे साहेब त्या दिवशी रुमाल पिळत परत आले. न्यायालयाचा अवमान म्हणजे काय, हे त्यांना नीट उमगलं होतं: यात संपादकाला आत टाकतात. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर बिनशर्त माफीनामा छापला. त्यात 'माननीय' अकरा वेळा होता आणि कंपाउंडर एकदाही नव्हता.

मग साहेबांनी फर्मान काढलं: गुन्ह्याच्या बातमीत दिसेल त्याच्या आधी 'कथित' लावायचा. पेपरच्या वकिलाने बिचाऱ्याने इतकंच सांगितलं होतं की, आरोप सिद्ध होईपर्यंत कुणाला गुन्हेगार म्हणू नका. साहेबांना वाटलं, कवचकुंडलंच मिळाली. 'कथित' चढवला की पुढे वाटेल ते ठोका. तेव्हापासून आमच्याकडे कथित चोर कथित सायकल पळवायला लागले आणि कथित पोलीस त्यांना कथित पहाटे पकडायला लागले. एका अपघातात एका गृहस्थांचा 'कथित मृत्यू' झाला, तर घरच्यांनी फोन करून विचारलं, "मग आम्ही वाट बघायची का?"

वर्षभराने कंपाउंडर निर्दोष सुटला. म्हातारा हृदयविकाराने गेला होता, मिक्श्चरचा काडीचा संबंध नव्हता, हे सरकारी डॉक्टरनेच साक्षीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर आमच्या ऑफिसात आला. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, खुर्ची दिली तरी उभाच.

"साहेब, आमचे डॉक्टर मला परत कामावर घ्यायला तयार आहेत," तो म्हणाला. "पण म्हणतात, ज्या पेपराने खुनी म्हटलं त्यानेच निर्दोष म्हणू दे. ते कात्रण दवाखान्यात लावतो, तरच लोक तुझ्या हातचं औषध घेतील. एकोणीस वर्षं त्या औषधाच्या खिडकीत काढलीत साहेब. मला दुसरं काही येत नाही."

"अहो, छापू की! आम्ही काय तुमचे वैरी आहोत?" असं म्हणून साहेबांनी तिथल्या तिथे मथळा लिहिला: 'कथित खुनी कंपाउंडर निर्दोष'. मग ते जेवायला गेले.

बातमीचं पान माझ्या टेबलावर आलं. कंपाउंडर मागे येऊन उभा राहिला.

"काका, कथित म्हणजे काय हो?"

"म्हणजे लोक म्हणतात, पण नक्की नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मग माझं निर्दोष पण नक्की नाही? कोर्टाने तर नक्की सांगितलंय. वर्षभर तो शब्द माझ्या मागे लागलाय, काका. तेवढा काढा ना."

मला भडभडून आलं. 'विषारी'खालची सही माझीच होती. सव्वीस वर्षं मी वेलांट्याच मागेपुढे केल्या, शब्द म्हणून कधी काढला नव्हता. साहेबांना न विचारता 'कथित'वर लाल रेघ ओढली आणि पान लावणाऱ्या मुलीकडे पाठवून दिलं.

"साहेब ओरडतील हं काका," ती म्हणाली.

"ओरडू देत!" मी म्हणालो. फार बरं वाटलं. नवं पान आलं तेव्हा मथळा पुन्हा डोळ्यांत तेल घालून तपासला. 'खुनी'तला नी दीर्घ, 'निर्दोष'मधला नि ऱ्हस्व. सगळं चोख होतं.

दुपारी अंक बाहेर पडला. तासाभरात कंपाउंडर परत आला. हातात कात्रण होतं, कडा सरळ कापलेल्या. त्याने ते माझ्यासमोर ठेवलं. 'खुनी कंपाउंडर निर्दोष'.

"डॉक्टर म्हणाले, हे भिंतीला लावू का?"

मी मथळा पुन्हा वाचला. तेवढ्यात साहेब अंक फडकावत बाहेर आले, पण त्यांचा फोन आधीच वकिलाला लागला होता.

"अहो, पुन्हा अवमान होतो का हो?... खटला संपलाय म्हणून नाही? कोर्टाचा आता काही संबंध नाही? वा वा!" साहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. मग माझ्याकडे वळून गरजले, "हा 'कथित' कोणी काढला?"

मी उठलो. मी काढला, एवढे दोन शब्द बोलायचे होते. लाज सांगतो, ते दोन शब्द माझ्याच्याने झाले नाहीत.

कंपाउंडरच पुढे झाला. "काकांना बोलू नका साहेब. मीच काढायला सांगितलं. चूक माझीच आहे."

साहेब थबकले. त्यांचे डोळे चमकले. टेबलावरचा कागद ओढून त्यांनी लिहायला घेतलं, आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "'चूक माझीच! सुटकेनंतर कंपाउंडरची कबुली'. उद्या पहिलं पान! वेलांटीकाका, 'कबुली'तला बु कुठला हो?"

कंपाउंडर माझ्याकडे बघत होता.

"ऱ्हस्व," मी म्हणालो.