माझ्या मापाची चाकं

मित्रांनो, वेरूळचा घाट चढून वर आलात की थोड्याच अंतरावर आप्पासाहेबांचं शेत लागतं. तिथे गोठ्यामागे बोरीचं झाड आहे आणि झाडाखाली एक जुनी जीप उभी आहे. ती मी. माझ्या टपाचं कापड कधीच फाटून गेलं. बोनेटवर बोरं पडतात, वाळतात, वाऱ्याने घरंगळतात. एक काळी कोंबडी माझ्या पुढच्या डाव्या चाकामागे अंडी घालते. माझ्याकडे येणारी-जाणारी तेवढीच.

मला पाहून तुम्हाला आधी हसू येईल. अंग बारीक आणि चाकं भलीमोठी, जसं लहान मुलाने वडिलांचे बूट घालावेत. खुशाल हसा. पण मग जरा बसा. मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे.

मी फौजेची. निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली जवानांना घेऊन मी या मुलखात आले आणि पुढे दहा वर्षं छावणीतच राहिले. ज्या कारखान्यात मला घडवलं, तिथे माझी चाकं मोजूनमापून ठरवली होती. एवढं चाक फिरवायला इंजिनाला किती ताकद हवी, एवढं चाक थांबवायला ब्रेक केवढा हवा, चाक पूर्ण वळलं तरी आजूबाजूला किती जागा राहायला हवी, हे सगळं त्या एका मापावर बेतलेलं होतं. तेव्हा मला याचं काही विशेष वाटलं नाही. आपल्या मापाचे कपडे अंगावर असताना आपल्याला कपड्यांची आठवण तरी होते का?

पुढे छावणीत जुन्या गाड्यांचा लिलाव झाला आणि आप्पासाहेबांनी मला घेतलं. त्यांनी माझ्यासाठी ड्रायव्हर शोधला तोही आपल्याच वस्तीवरचा. त्याचं नाव भिकन. मेंढपाळाच्या घरचा, उंच, कमी बोलणारा. छावणीतल्या एका निवृत्त फौजी ड्रायव्हरकडे तीन महिने राहून तो गाडी शिकून आला.

भिकनची एक पद्धत होती. घाट उतरताना पहिल्या मोठ्या वळणाजवळ एक सपाट जागा आहे. तिथे तो मला थांबवायचा, मागच्या चाकाला दगड लावायचा आणि चारही चाकांवरून तळहात फिरवायचा. एकदा आप्पासाहेब वैतागले.

"भिकन, गाडी हाय का मेंढरू? काय चाचपतो रे?"

"मालक, मेंढराला ताप आला का आधी कान गरम व्हतो. हिचं बी तसंच. ब्रेक तापला का चाकाला कळतं."

आप्पासाहेब हसले, पण त्या दिवसापासून भिकन उतरला की तेही उतरायचे आणि तंबाखू मळत शांतपणे उभे राहायचे.

ती वर्षं माझ्या सुखाची. मी बियाण्याची पोती वाहिली, लेणी पाहायला आलेल्या पाहुण्यांना म्हैसमाळ दाखवलं, काळ्या चिखलात रुतलेल्या किती बैलगाड्या ओढून काढल्या. लोक म्हणायचे, "आप्पासाहेबाची जीप म्हंजी जीप." संध्याकाळी भिकन ओल्या फडक्याने माझी काच पुसायचा. कोणी आपल्याला रोज हात लावतं, हे केवढं मोठं सुख आहे ते हात लागायचा थांबल्यावरच कळतं.

आप्पासाहेब वारले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी आवडाबाई आणि मुलगा बद्रीनाथ. बद्रीनाथ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. तो मनाने वाईट नव्हता. पण चारचौघांत उठून दिसावं, ही हौस त्याला फार.

आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात. त्याला परण्या म्हणतात. आधी तो घोड्यावरून निघायचा, मग जीपवरून निघू लागला. अशा कितीतरी नवरदेवांना मी बोनेटवर बसवून मिरवलं होतं. एका परण्यात शेजारच्या गावच्या घोडेवाल्या पुंजारामने आपला पांढरा घोडा माझ्या बाजूला आणून उभा केला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बद्रीशेठ, ही जीप हाय का जीपचं पिल्लू? तुमचा नवरदेव गर्दीत दिसंना की! खांद्यावर तरी घ्या त्याला!"

बँडवालेसुद्धा हसले. बद्रीनाथ हसला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या चुलतभावाचं लग्न ठरलं. बद्रीनाथ मला शहरात गफूर मिस्त्रीकडे घेऊन गेला. बरोबर दुसऱ्या रिमांवर चढवलेले, मोठ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे टायर होते. माझ्या टायरांपेक्षा रुंद आणि चार बोटं उंच. कमानींखाली लोखंडी ठोकळे घालून मला आणखी वर उचलायचं, असंही त्याने ठरवलं होतं.

गफूर मिस्त्रीने टायर माझ्याजवळ उभा करून पाहिला आणि मान हलवली. "नक्को भैया. बैठ तो जाएगा, मगर चक्का पूरा फिरायेंगे तो अंदर रगडेगा. ब्रेक भी इसके हिसाब का नहीं."

"मिस्त्री, तुम्ही बसवा. बाकीचं मी बघतो."

"देखनेवाला नीचे बैठके देखता, भैया. ऊपर बैठके क्या दिखता?"

तरी टायर बसले. मित्रांनो, त्या दिवशी मी गावात शिरले तेव्हा पोरं ओरडत मागे धावली. खोटं का बोलू, मलाही क्षणभर ऐट वाटली. माझी काढून आणलेली जुनी चाकं गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली पाहून भिकन एवढंच म्हणाला, "मालक, ही माझ्यापाशी राहू द्या." आणि ती चारही चाकं घरंगळवत आपल्या वाड्याकडे, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जागेकडे, घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझं अंग मला परकं झालं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. पण वेगाचा काटा जुन्याच चाकाच्या हिशोबाने चालतो. काटा तीस दाखवायचा तेव्हा मी त्याहून वेगात असायचे. चढावर इंजिनाला धाप लागायची. उतारावर ब्रेक आपलं सगळं बळ लावायचे, तरी चाक उशिराने थांबायचं. उंची वाढल्यामुळे वळणावर मी बाहेर झुकायचे, जशी डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई पाय घसरताच झुकते. आणि सुकाणू पूर्ण फिरवलं की डाव्या चाकाची कड आत जाऊन एका रबरी नळीला घासायची. त्या नळीतून माझ्या ब्रेकचं तेल जायचं. एक नळी फुटली तर चारही ब्रेक जातात, अशी माझी रचना.

चौथ्या दिवशी सपाट जागेवर भिकनने हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली.

"मालक, रबराचा वास येतोय. आतून कुठंतरी घासतंय. लग्नाआधी चाकं बदलू."

बद्रीनाथ चिडला. "भेत असशील तर मेंढरं हाक. परण्यापर्यंत ही अशीच राहणार."

भिकनने चाकामागचा दगड काढला आणि गाडी सुरू केली. पण थांबायचं त्याने सोडलं नाही.

लग्न खाली वेरूळला होतं. सकाळी मला झेंडूच्या माळा घातल्या. मागे आवडाबाई आणि दोन बायका बसल्या. नवरदेवाच्या बाशिंगाचा डबा आवडाबाईंच्या मांडीवर होता. भिकनशेजारी बद्रीनाथ. निघायला उशीर झाला होता. सपाट जागा आली. भिकनने पाय ब्रेकवर ठेवला, तसा बद्रीनाथ म्हणाला, "आता हात लावत बसू नको, भिकन. खाली बँड खोळंबलाय. पुंजाराम टपूनच बसला असंल."

"मालक, एकच मिनिट."

"आजच्या दिवस राहू दे म्हणलं ना!"

भिकनने माझ्याकडे म्हणजे समोरच्या काचेकडे पाहिलं. आणि पाय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही न थांबता पुढे गेलो.

पुढच्या वळणावर त्याने सुकाणू पूर्ण फिरवलं. चाक नळीला घासलं आणि नळी फाटली. भिकनने ब्रेक दाबला तर त्याचा पाय सरळ खालच्या पत्र्याला टेकला. त्याने पुन्हा दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला. गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला. त्या चाकांपुढे हातब्रेकचं काही चाललं नाही. "घट्ट धरा!" तो ओरडला आणि त्याने मला दरीकडून डोंगराच्या बाजूला वळवलं. पण चाक आत अडकलं, पुरतं वळेना. मी उंच झालेली. खडकाला धडकले आणि आडवी झाले.

जीव कोणाचा गेला नाही. भिकनचं मनगट मोडलं. आवडाबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. बाशिंगाचा डबा मात्र त्यांनी तशातही दोन्ही हातांनी वर धरला होता. त्याला साधा पोचाही आला नाही.

लोक जमले. "काय झालं?" बद्रीनाथचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "ब्रेक तर चांगले होते. यानं दाबलेच नाय."

भिकनने मनगट छातीशी धरलं होतं. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो एवढंच बोलला, "माझंच चुकलं. मी थांबलो नाय." तो सपाट जागेबद्दल बोलत होता, लोकांनी ते ब्रेकबद्दल घेतलं.

मी सांगत होते, तो थांबत होता हो! दोन्ही पायांनी थांबवत होता! पण जीपचं कोण ऐकणार? त्या दिवसापासून भिकनचं नाव गेलं. त्याला कोणी गाडी चालवायला देईना. त्याचं मनगट वाकडंच बसलं. तो मेंढ्या घेऊन पैठणच्या बाजूला निघून गेला.

मला ओढत आणून या बोरीखाली उभं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथ एकटाच आला. माझ्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसला आणि आत पाहिलं. त्याला फाटलेली नळी दिसली. मग त्याने कडब्याच्या दोन पेंढ्या आणून चाकापुढे टाकल्या आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्या जवळून जाईना. लांबचा वळसा घालून जायचा.

खरं मला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक होतं. तो बोलत नव्हता, मला बोलता येत नव्हतं. मित्रांनो, एकटं असणं मी सोसलं असतं. पण एका भल्या माणसावरचा आळ पुसणारा पुरावा आपल्या पोटाशी लटकतो आहे आणि कोणीही वाकून पाहत नाही, हे एकटेपण फार जड असतं. अशी नऊ वर्षं गेली. कडबा कुजून गेला. त्या जागी कोंबडी आली.

कोंबडीमुळेच ते घडलं. एके दिवशी अंडी शोधत आवडाबाई काठी टेकत आल्या. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि चाकामागे हात घातला. त्यांच्या हाताला नळी लागली. त्यांनी ती पुढे ओढून उन्हात धरली. नळी एका बाजूने गुळगुळीत, चपटी झाली होती आणि तिथेच फाटली होती. आवडाबाईंनी तरुणपणी विहिरीवर मोट चालताना पाहिली होती. चाकावर घासून नाडा, म्हणजे मोटेचा दोर, कसा तुटतो, ते त्यांना शिकवायला नको होतं.

"बद्री! ए बद्री! इकडं ये. बस इथं."

"काय गं माय? कपडे खराब व्हतील."

"होऊ दे. बस खाली." त्यांनी नळी त्याच्यासमोर धरली. "नाडा घासला का असाच तुटतो. ह्याला काय घासलं?"

त्यांनी काठीने माझं मोठं चाक ठोकलं.

"हेच ना? तुला म्हायती व्हतं?"

"व्हय," तो खाली मान घालून म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी कळलं."

"माझी मांडी मोडली त्याचं मला काय नाय. त्या माणसाचा हात तू नऊ वर्षं मोडलेला ठेवला, बद्री." आणि अंडी तिथेच टाकून त्या उठल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढ्यांचे कळप वर परतले, त्यांच्याबरोबर भिकनही आला. पुढचं मी आवडाबाईंकडून ऐकलं. त्या गोठ्यात शेजारणीला सांगत होत्या. बद्रीनाथ मारुतीच्या पारावर उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "ब्रेक लागलेच नव्हते. नळी माझ्या टायरनं फाडली. भिकननं मला आधी सांगितलं व्हतं, त्या दिवशी थांबूही मीच दिलं नाय." असं म्हणून त्याने भिकनचे पाय धरले. पुंजारामही पारावर होता. त्याने डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

त्या संध्याकाळी भिकन माझ्याकडे आला. केस पांढरे झाले होते. तो एका चाकापाशी गेला, मग दुसऱ्या. वाकड्या मनगटाचा तळहात त्याने चारही चाकांवरून फिरवला.

"गार हाय," तो म्हणाला. शेवटच्या चाकावरून मात्र त्याने हात उचलला नाही. "मी थांबायला पायजे व्हतं गं. कुणी काय बी म्हणो."

मागे बद्रीनाथ उभा होता. "भिकनदादा, हिची जुनी चाकं?"

"हायेत की. वाड्यात आडवी टाकलीत. त्यात कोकरं निजतात." भिकन जरासा हसला. "आता नाय काढायची ती."

मग दोघेही गेले. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या आणि मी पुन्हा एकटी उरले. पण त्या दिवसापासून मला पूर्वीइतकं जड वाटत नाही.

मित्रांनो, मी आता चालणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. गाडी उंच दिसावी असं तुम्हालाही वाटेल. तेव्हा तिला तिच्या मापाचीच चाकं ठेवा. चाक वाढवलं तरी ब्रेक वाढत नाही, हे विसरू नका. काही घासत असेल, कसला वास येत असेल आणि कोणी साधा माणूस "एकच मिनिट थांबू" म्हणत असेल, तर थांबा. खाली बसून पाहा; कपडे खराब होऊ द्या.

आणि कधी या बाजूला आलात, तर बोरीखाली या. माझ्या चाकावरून एकदा तळहात फिरवा. ते गारच लागेल. तरी फिरवा.