तीन उशा

माहेरी, सोनगीरला आल्यापासून हेमलता दुपारभर ओसरीवर तीन उशांना टेकून बसायची. आडवं झालं की श्वास पुरत नसे. डोळे मिटले की ती पाण्यात असायची. कोमट, हिरवट, तळ नसलेलं पाणी. तिला भीती वाटत नसे, उलट सुटल्यासारखं वाटे. नऊ वर्षं वाट पाहून, जळगावला तीनदा टेस्ट ट्यूबचे उपचार घेऊन, एकोणचाळिसाव्या वर्षी तिला मुलगी, भूमिका, झाली होती. आता थकवा येणारच, असं सगळेच म्हणत.

भूमिका दोन महिन्यांची झाली त्या दिवशी आई, रुख्माबाई, हेमलताच्या पायाला तेल लावत होती. अंगठ्याने दाबलं तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हेमा, तुना पाय सुजेल शेतस. कितला दिनपाइन?"

"बाळंतपननी थकावट शे, माय."

"थकेल बाईना पायले खड्डा नही पडत. बठ्ठा लोक पोरकडेच देखतस. तुनाकडे कोन देखस?"

भाऊ कुंदनने लगेच गाडी काढली. धुळ्यात, अंधारलेल्या खोलीत, डॉक्टरीणबाईंनी छातीवर यंत्र फिरवलं. अशाच पडद्यावर हेमलताने लेकीच्या हृदयाचे ठोके कितीदा पाहिले होते. आज स्वतःचं हृदय पहिल्यांदा दिसलं. दमलेल्या माशासारखं ते सावकाश हलत होतं. तिला त्याची माया आली.

"हृदयाची ताकद निम्म्यावर आलीय, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळंतपणाच्या सुमारास क्वचित होतं असं. तुमचं वय, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, त्यात ते टेस्ट ट्यूबचे उपचार. बाळंतपणानंतरही तुमच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. पण वेळेत आलात."

दवाखान्यात आठ दिवसांत औषधांनी अंगातलं पाणी उतरलं. सासरहून, पिंप्राळ्याहून, नवरा नीलेश आला होता, तो खाटेशेजारीच बसून असे. पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका, हे त्यानेही ऐकलं होतं. जळगावच्या केंद्रात त्यांचे दोन गर्भ अजून गोठवून ठेवलेले होते.

"मला ते दोघं दिसतात," हेमलता म्हणाली. "बर्फाखाली निजलेले. हाक मारत नाहीत, नुसते असतात. त्यांना सोडू या आपण."

नीलेशने तिचा हात धरला. त्याच्या आईला नातू हवा होता.

"आईशी मी बोलेन," तो म्हणाला. "मला तू हवीस."

दिवाळीनंतर दोघांनी केंद्रात जाऊन ते गर्भ न ठेवण्याच्या कागदांवर सह्या केल्या. परतताना रिक्षात हेमलता रडली आणि रडता रडता नीलेशच्या खांद्यावर झोपून गेली.

वर्षभराने हृदय बरंचसं सावरलं. गोळ्या सुरूच राहिल्या, सहा महिन्यांनी तपासणीही. एका सकाळी ती भूमिकाला कडेवर घेऊन कुंदनबरोबर सोनगीरचा किल्ला चढायला निघाली. दोनदा बसली, पाणी प्याली, अर्ध्यावर मुलीला कुंदनकडे दिलं आणि हळूहळू वर पोचली. वारा सुटला होता. खाली महामार्गावरचे ट्रक मुंग्यांएवढे, आवाज न करता सरकत होते.